अर्धं शंकरपाळं

आमच्या चित्रकलेच्या सरांकडं माणसं मेल्यावर यायची. यायचे त्यांचे नातेवाईक, पण सर असंच म्हणायचे. सकाळी शर्टाच्या बाह्या दुमडत वर्गात शिरायचे आणि खडू शोधता शोधता सांगायचे, "काल रात्री दोघं आली. एक म्हातारबा आणि एक तरणी बाई." नववीपर्यंत आम्हाला याचं काही वाटेनासं झालं होतं. सर शाळा सुटल्यावर पावडर शेडिंगची, म्हणजे कापसानं काळी पावडर घासून केलेली, पोर्ट्रेट करून द्यायचे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात पोर्ट्रेट म्हणजे मेलेल्या माणसाचं. जिवंतपणी भिंतीवर लागायचे ते फक्त पुढारी.

तेराव्याला फोटोला हार घालायचा असतो. म्हणजे सरांच्या हातात जेमतेम दहा दिवस. आणि लोक आणायचे ते फोटो तरी कसले! कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, तिसरी रांग, दोन फेट्यांच्या मधून डोकावणारं ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. नाहीतर पंढरपूरला देवळाबाहेर काढलेला, ऊन डोळ्यांवर म्हणून सगळ्यांनी डोळे बारीक केलेले. त्यावर चौकोन पाडायचे, मोठ्या कागदावर तेवढेच चौकोन पाडायचे आणि एकेक घर भरत जायचं. पण ज्वारीच्या दाण्यात चौकोन पाडणार किती? नाक म्हणजे एक ठिपका, तोंड म्हणजे एक रेघ. बाकीचं सर मनानं घालायचे. शिवाय घरच्यांच्या मागण्या. फेटा जरीचा करा, शेजारच्याचा खांद्यावरचा हात काढून टाका, आईच्या गळ्यात बोरमाळ घाला, ठुशी घाला. जी ठुशी त्या बाईनं जन्मात कधी घातली नाही ती तिला मेल्यावर सरांच्या पेन्सिलीतून मिळायची. सर चिडायचे, पण घालायचे. "मजुरी तेवढीच," म्हणायचे, "सोनं माझ्या पदरचं."

खरा घोळ व्हायचा डोळ्यांचा. हे त्यांनी आम्हाला एकदा दाखवलं आणि मग मला ते गावात जिथंतिथं दिसायला लागलं. डोळ्याच्या काळ्या बुबुळावर एक पांढरा ठिपका असतो. चित्रात तो ठिपका नसेल तर डोळा मेलेला दिसतो, मग बाकी चेहरा कितीही हुबेहूब असो. तो ठिपका म्हणजे माणसासमोर जे उजेडाचं भोक असतं, खिडकी, दार, मांडवाची फट, त्याचं बुबुळात पडलेलं प्रतिबिंब. ज्वारीच्या दाण्यात तो कुठला दिसायला? मग सर शेवटी, सगळं झाल्यावर, खोडरबराचं टोक ब्लेडनं तासून एक बारीक चौकोन उचलायचे. नेहमी चौकोनच, नेहमी डावीकडं वर. कारण ते जिथं बसून काम करायचे तिथली खिडकी डावीकडं होती. गावातल्या निम्म्या मेलेल्यांच्या डोळ्यांत सरांच्या घरची खिडकी होती. हे सरांनीच सांगितलं. हसत सांगितलं, पण नंतर बराच वेळ ते फळा पुसत राहिले, आणि फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही फोटो काढायला शिकलो ते या डोळ्यांपायी.

साल १९९४. दिवाळीची सुट्टी संपली होती. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट देऊन आम्ही मोकळे झालो होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. दोन वर्षं त्या घड्या घातलेल्या कापडावरच्या तांब्या-पेल्यानं आमचा जीव खाल्ला होता. परीक्षा झाल्यावर चित्रकलेच्या तासाला येणारी पोरं उरली बारा. बाकीचे दहावीच्या भीतीनं आतापासूनच गणिताच्या शिकवणीला पळाले. सरांनी बाराजणांना बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. रोलमध्ये बाराच फोटो असतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून याशिका कॅमेरा काढला. दोन डोळ्यांचा, उभट, काळा. कोल्हापुरातल्या कुठल्याशा स्टुडिओनं रंगीत आल्यावर मोडीत काढलेला, तो सरांनी घेतला होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. त्या काचेत समोरचं जग सुलटं दिसतं, पण डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होऊन. समोरचा माणूस उजवीकडं सरकला की काचेत तो डावीकडं जातो. त्याला मध्ये आणायला आपण वळतो तर तो आणखीच पळतो. पहिले आठ दिवस आम्ही नुसते एकमेकांना काचेतून हरवत होतो. एकदा हात बसला की मग चुकत नाही, सायकलीसारखं. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. समोरच्याकडं बघताना त्याच्यावर काही रोखावं लागत नाही. मान खाली असते. देवाला नमस्कार करताना असते तशी. पुढं कधीतरी मी डोळ्याला लावायचे कॅमेरे वापरले, चांगले महागातले वापरले, पण ते उचलले की समोरचा माणूस आवरून बसतो, हे बघितलंय. याशिकासमोर म्हातारी माणसं बोलतच राहायची. त्यांना वाटायचं, ही पोरगी डब्यात काहीतरी शोधतीय.

पहिलं गिऱ्हाईक मडकं. तेच, वस्तुचित्राचं. सरांनी दक्षिणेच्या खिडकीला गोणपाट लावलं, दार ओढून घेतलं आणि मडकं उत्तरेच्या खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो. म्हणून तो दिवसभर फारसा हलत नाही आणि सावलीच्या कडा मऊ ठेवतो. जुन्या चित्रकारांच्या खोल्यांना उत्तरेकडं खिडक्या का असत हे आम्हाला त्या मडक्यानं शिकवलं. मडकं खिडकीपासून हातभर लांब नेलं की उजेडाची बाजू आणि अंधाराची बाजू यातला फरक कमी होतो, जवळ आणलं की वाढतो. अंधाराच्या बाजूला पांढरं कार्डशीट धरलं की अंधार थोडा विरघळतो. स्टीलचं ताट धरलं की मात्र वाटोळं होतं. एका पोरानं ते धरून बघितलं आणि मडक्याला पोटात दिवा लागल्यासारखं दिसायला लागलं.

मडक्यानंतर शाळेचे शिपाईमामा. मामांना खुर्चीत बसवलं आणि सर म्हणाले, "आता मामांच्या गालावर अर्धं शंकरपाळं आणा."

हा सरांचा शब्द. खिडकी एका बाजूला आणि थोडी वर असली, आणि माणसानं तोंड तिच्यापासून जरा वळवलं, की नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला जाऊन मिळते. त्या दोन सावल्यांच्या कचाट्यात, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक त्रिकोण उरतो. डोळ्यापेक्षा रुंद नाही, नाकापेक्षा लांब नाही. शंकरपाळं मधोमध कापावं तसा. पुढं कळलं की याला जगभर रेम्ब्रांचं नाव आहे, त्या डच चित्रकारानं सतराव्या शतकात माणसं अशा उजेडात रंगवली म्हणून. सरांना ते ठाऊक असणारच. पण आमच्यासमोर रेम्ब्रां म्हणून उपयोग नव्हता, आणि दिवाळी नुकतीच झाली होती. मामांची मान आम्ही बाराजणांनी आळीपाळीनं वळवली. "मामा, जरा डावीकडं. एवढं नाही. नाक माझ्याकडं, डोळे खिडकीकडं." शंकरपाळं येतं आणि जातं ते बोटभर हालचालीत. मामा बिचारे तंबाखू गालात धरून बसलेले, त्यामुळं त्यांच्या एका गालावर ते यायचं ते जरा फुगूनच.

मोठं होऊन मी इकडंतिकडं वाचलं तेव्हा कळलं की शाळेत फोटो शिकवणं ही काही सरांची खुळी कल्पना नव्हती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरत होता. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तेव्हाचे नावाजलेले फोटोग्राफर. आणि आमच्या कोल्हापुरात तर कुंचला नि कॅमेरा कधी वेगळे नव्हतेच. बाबूराव पेंटर नावाप्रमाणं पेंटर; देवादिकांची, माणसांची चित्रं काढणारा माणूस. त्यांना परदेशी कॅमेरा मिळेना तेव्हा त्यांनी इथंच कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सर या परंपरेतले स्वतःला मानायचे का, कोण जाणे. त्यांच्या तोंडून मी बाबूरावांचं नाव एकदाच ऐकलं, तेही सायकल पंक्चर झाल्यावर. म्हणाले, "त्या माणसानं कॅमेरा बनवला, आणि मला सायकलचा पंप चालवता येईना."

मामांचं झाल्यावर सरांनी नेम सांगितला. प्रत्येकाला एकच फोटो. घरातल्या एका माणसाचा. जिवंत माणसाचा. कॅमेरा एकेका दिवसासाठी घरी न्यायचा, नेताना सरांची पिशवी, आत टॉवेल. एकदा बटण दाबलं की संपलं. रोल पुढं सरकवून दुसऱ्या दिवशी पुढच्याच्या हातात. आणि फोटो काढायच्या आधी अर्धा तास त्या माणसासमोर वही घेऊन नुसतं बसायचं. चित्र काढायचं नाही. लिहायचं. उजेड कुठून येतो, कुठं पडतो, कुठं पडत नाही. डोळ्यातला ठिपका कुठल्या आकाराचा. कुठला डोळा बारीक. बोलताना तोंड कुठल्या बाजूला जातं.

"ज्याचं बघून झालं नाही त्याचा फोटो काढायचा नाही," एवढं बोलून सर थांबले, आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला पुढं मनानं घालायला नको."

बाराजणांत माझा नंबर सातवा. मी आज्जी निवडली.

आज्जीनं आधी ओरडून घेतलं. "माझा कशाला काढतीस? मी काय मेली व्हय?" तिच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. फोटो म्हणजे सरांकडं जाण्याची तयारी. शिवाय आजोबा गेल्यापासून ती फोटोत उभी राहत नसे. लग्नकार्यात फोटोवाला आला की स्वयंपाकघरात जायची. तिला मी सांगितलं की हा अभ्यास आहे आणि मार्क आहेत. मार्कांपुढं आमच्या घरात कुणाचं काही चालत नव्हतं. ती सोप्यात येऊन बसली. पण बसली ती लसणाची सुपली घेऊन. नुसतं बसणं तिला माहीत नव्हतं.

आमच्या घराचं दार उत्तरेला. दुपारचे चार. दाराबाहेर समोरच्या घराची पांढरी भिंत, तिच्यावर ऊन, आणि तो उजेड परतून सोप्यात. मी वही उघडली. ती वही अजून माझ्याकडं आहे, म्हणून यातलं काही मी मनानं घालत नाही.

पहिलं वाक्य असं आहे: "आज्जी उजेडात दुसरीच दिसते." पुढं सरळ नोंदी. कपाळावर कुंकवाच्या जागी कातडी थोडी गुळगुळीत. उजवी भुवई मध्ये तुटलेली. डाव्या डोळ्यात फूल पडलंय, तिथं ठिपका नाही, सगळंच दुधी. उजव्या डोळ्यात ठिपका चौकोनी नाही, उभा, लांबट, खाली निमुळता. हे लिहून मी मान वळवून मागं बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आमचा दरवाजा होता. खाली निमुळता का, तर उंबऱ्याशी पाण्याची घागर ठेवलेली होती, तिनं खालचा उजेड अडवला होता. आज्जीच्या डोळ्यात आमचं दार होतं, आणि घागरसुद्धा. दारात मी बसले होते म्हणजे मीही असणार, पण तेवढं मला दिसलं नाही.

वहीत पुढं आहे: लसूण सोलताना ओठ आत ओढते. पाकळी निघाली की सोडते. वरचे दात नाहीत म्हणून नाक आणि हनुवटी जवळ आलेत. पदर कानावरून, दोन्हीकडं. कान दिसत नाहीत.

अर्ध्या तासाऐवजी तास झाला. पंधरा वर्षं एका घरात राहून मी तिच्याकडं सलग एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. बघायचं कशाला? ती होतीच की.

आता चूक. ती सगळी माझी. सरांनी भिंगाचं तोंड ५.६ वर ठेवायला सांगितलं होतं. पण स्टुडिओतल्या फोटोंत मागचं सगळं धूसर असतं ते मला हवं होतं, आणि कॅमेऱ्यावर आकडा ३.५ पर्यंत जात होता. तोंड जितकं मोठं उघडाल तितका मागचा-पुढचा भाग धूसर, हे सरांनीच शिकवलेलं. त्याची दुसरी बाजू मी सोयीनं विसरले. याशिका माणसापासून मीटरभर अंतरावर आणून ३.५ वर ठेवला की जेवढं स्पष्ट येतं त्याची जाडी चार-पाच सेंटीमीटर. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतही धड पुरत नाही. मी कॅमेरा पालथ्या घातलेल्या धान्याच्या डब्यावर ठेवला, काचेत डोकावून आज्जीच्या उजव्या डोळ्यावर, त्या दारावर, नेमकं जुळवलं. शटर तीसला, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाला. श्वास धरला. आणि बटण दाबता दाबता आज्जी पुढं वाकली.

"झालं का गं?"

कट्ट. झालं.

रोल धुतला तो खेळाच्या सामानाच्या खोलीत. कातडी चेंडूंचा वास, लेझमींचा गंजका वास, त्यात हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा. खिडक्यांना काळा कागद. फिल्म लाल दिव्यातसुद्धा चालत नाही, लाल दिवा फक्त कागदासाठी. फिल्म धुताना मिट्ट अंधार लागतो. आळीपाळीनं आम्ही तिघे-तिघे आत. सरांनी मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचं पाणी एका थाळीत केलं होतं, त्यात सल्फाइट आणि चिमूटभर टाकणखार. अंधारात सर फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून थाळीतून झुलवत होते, एक हात वर गेला की दुसरा खाली, पाळण्यासारखं. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, फक्त चुळुक चुळुक ऐकू यायचं. घड्याळही दिसत नाही, म्हणून बाहेर एक पोरगा मनगटी घड्याळ घेऊन उभा. तो ओरडायचा, "पाच मिनिटं!" मध्येच मुख्याध्यापक आले असणार, कारण सहाव्या मिनिटाला तो ओरडलाच नाही आणि एकदम "साडेसात!" आली.

बारा फोटो दोरीवर चिमट्यांनी वाळले. मग कागद. मोठा करायचं यंत्र नव्हतंच. फिल्म कागदावर ठेवायची, वर काच, बल्ब दोन-तीन सेकंद, आणि कागद थाळीत. फोटो म्हणजे फिल्मएवढाच, सहा सेंटीमीटर चौरस. लाल उजेडात पांढऱ्या कागदावर आधी काळं येतं. केस येतात, सावल्या येतात, मग चेहरा सगळ्यात शेवटी, कारण चेहरा उजळ असतो. माझ्या कागदावर एक तिरकी रेघ आली, मग तिला दोरे फुटले. लुगड्याचा काठ. आज्जीच्या पदराचा, कानामागचा काठ इतका स्वच्छ आला होता की विणीचा एकेक धागा मोजावा. त्याच्या पुढं, जिथं तोंड यायला हवं तिथं, एक मऊ उजेड. नाक असावं असं वाटायचं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. गालावर मात्र, धूसर का होईना, अर्धं शंकरपाळं होतं.

सरांनी भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. "लुगडं झकास आलंय," म्हणाले.

पोरं आठवडाभर हसली. मला पुढं कित्येक वर्षांनी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन सापडली. १८६३ साली, ४८ व्या वर्षी, मुलीनं दिलेला कॅमेरा हातात धरला आणि इंग्लंडातल्या थोरामोठ्यांचे चेहरे जवळून, धूसर काढले. तेव्हाचे जाणते फोटोग्राफर तिला फोकस जमत नाही म्हणून नावं ठेवायचे. आज ते फोटो संग्रहालयांत आहेत. हे वाचल्यावर काही दिवस मी माझ्या फोटोकडं आदरानं बघत होते. पण खोटं कशाला बोला? बाईचं धूसर तिला हवं होतं. माझं धूसर आज्जी वाकली म्हणून.

त्याच सुमाराला गावात मतदार ओळखपत्रांचे फोटो निघाले. १९९३ मध्ये फोटोवाल्या ओळखपत्राचा हुकूम निघाला होता, तो आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. केंद्र आमच्याच शाळेत, आणि खोली आमचीच, चित्रकलेची. फोटोवाल्या माणसांनी खुर्ची ठेवली ती उत्तरेच्या खिडकीकडं पाठ करून. समोरून ट्यूबलाइट. सर दारात उभं राहून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की आत कुणाला तरी मार बसतोय. सगळा गाव रांगेनं येऊन त्या खिडकीकडं पाठ करून बसला. आज्जीही बसली, सरकारला तिला नाही म्हणता आलं नाही. कार्ड आलं त्यात आज्जी समोरून, सपाट, डोळे विस्फारलेले, चोरी पकडल्यासारखी. पण स्पष्ट. नाक नाकाच्या जागी.

ती १९९८ च्या पावसाळ्यात गेली. मी कोल्हापुरात कॉलेजला होते. दहाव्यानंतर बाबा आणि मी सरांकडं गेलो. आपलीही पाळी येते, सगळ्यांसारखीच. बाबांच्या हातात ओळखपत्र, माझ्या हातात ते सहा सेंटीमीटरचं लुगडं. सरांनी दोन्ही शेजारी ठेवली. ओळखपत्रातलं तोंड शेंगदाण्याएवढं तरी होतं, त्यामुळं चौकोन पाडता येणार होते. पण त्यात सावली नव्हती, आणि सावली नाही तर गाल किती आत गेलेत ते कळायचं कसं? ते माझ्या फोटोत होतं. एकात रेषा, एकात उजेड.

"वही हाय?" सरांनी विचारलं.

दोन दिवस मी संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसले. मी वाचायची, ते पुसायचे, परत पावडर लावायचे. कापसाचा बोळा कागदावर फिरवताना ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. भुवई कुठं तुटलेली? किती? ओठ आत ओढल्यावर कडेला किती रेघा? काही मला सांगता आलं. काही मी मनानं सांगितलं असेल. शेवटी डोळे. त्यांनी रबर तासलं आणि सवयीनं डावीकडं वर नेलं. मी म्हटलं, "सर, खिडकी नाही. दार. उभं. आणि खाली निमुळतं."

"निमुळतं का?"

"घागर होती."

त्यांनी रबर परत तासलं. यावेळी जास्त बारीक. उजव्या डोळ्यात एक उभी रेघ उचलली, खाली टोकाशी सोडून दिली. डाव्यात काही उचललं नाही, नुसता बोळा हलकेच फिरवला. मग पाठ टेकून बसले आणि चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

आता माझा भाचा मोबाइलवर पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढतो. एकाच दिवसात दोनशे. मोबाइल हिशेब करून मागचं धूसर करतो आणि चेहरा स्वच्छ ठेवतो; पदराचा काठ मात्र त्याला कळत नाही, कधी कानासकट खाऊन टाकतो. माझ्या फोटोच्या बरोब्बर उलटं. चांगले येतात त्याचे फोटो. मी फोटोतले डोळे मोठे करून ठिपका बघते. बहुतेकांच्या डोळ्यांत मोबाइलच असतो.

पण सरांच्या चित्राचं एक राहिलं. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा बघायला आले. बघून गप्प झाले, मग घसा साफ करून म्हणाले, "सर, तेवढ्या बुगड्या घाला की कानात." आज्जीला बुगड्या होत्या, मोत्यांच्या, असं बाबांना लहानपणचं आठवत होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी वही उघडली. कान दिसत नाहीत, एवढंच. रात्री घरी आत्तीला विचारलं. ती म्हणाली, बुगड्या कुठल्या, त्या विहिरीच्या इंजिनासाठी गहाण पडल्या त्या पडल्या. धाकटी आत्ती म्हणाली, गहाण बिलवर पडले होते, बुगड्या चोरीला गेल्या. आई म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचे कान मी बघितलेच नाहीत. भोकं बुजली होती की उघडी, यावर बायका मध्यरात्रीपर्यंत भांडल्या, आणि मधूनच एकीला रडू आलं की बाकीच्या थांबायच्या.

सकाळी मी सरांना जाऊन सांगितलं की कुणालाच माहीत नाही.

सर हसले नाहीत. मऊ पेन्सिल घेतली, आणि दोन्ही बाजूंनी पदर अर्धं बोट पुढं ओढला.